पाटी जुंपून बघावी

कर्नाटकातल्या आळंदला, उमरग्याच्या रस्त्यावर कलाबाईचं पत्र्याचं शेड आहे. शेडपुढनं जाणाऱ्याला दोन आवाज ऐकू येतात. एक भाकरी थापायचा, दुसरा गोष्टीचा. कडक भाकरी घ्यायला कुणी गाडी थांबवून आत डोकावलं आणि आत गोष्ट ऐन भरात असली, तर त्याला हातानंच बसायची खूण होते. पान संपेपर्यंत गिऱ्हाइकानं बसायचं. कुणी घड्याळ बघितलं की तव्यापुढनं सावित्रीबाई बोलते, "भाकर काय पळून जायलीय व्हय? बस की जरा. इथं त्या पोरीचं लगीन मोडायलंय आन् तुला घाई सुटलीय."

वाचते ती कलाबाई. मूळची कोहिनूरची, बसवकल्याण तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. बाजारात कन्नड, शेजारात दखनी उर्दू, घरात मराठी, असं तिन्हीकडं तोंड चालायचं. पण वाचायची भूक मराठीची, आणि घरात छापलेलं म्हणावं असं एक पंचांग. मग पोरगी काय घावंल ते वाचायची. गुळाच्या पुडीचा कागद, बियाण्याच्या पिशवीमागची सूचना, लग्नाच्या जुन्या पत्रिका. लग्न होऊन आळंदला आली तेव्हा सासरच्यांनी बघितलं, सून चिवड्याची पुडी सोडते, चिवडा बाजूला सारते आणि कागद मांडीवर सरळ करून वाचत बसते. नवरा आप्पाराव बैलबाजारातले दलाल. त्यांनी बाजारात दोस्तांना सांगितलं, "बायकू गुणाची मिळाली. खोड म्हनशीला तर येकच, कागद खाती."

भाकरीचा धंदा तिनं लेक शाळेत जायला लागल्यावर काढला. ज्वारीची भाकर पातळ थापायची, भाजायची आणि वाळवून अशी कडक करायची की कितीही लांबच्या प्रवासात टिकावी. गठ्ठे सोलापूरला जातात, पुण्याला जातात. थापायला कलाबाई आणि मंगल, तव्यावर सावित्रीबाई, वाळवून गठ्ठे बांधायला चन्नव्वा. चौघींत सावित्रीबाई वयानं थोर, तोंडानंही थोर. चन्नव्वाच्या घरात कन्नड. तिला मराठी वाचता येत नाही, पण ऐकायला कान चौघींत तिचाच लांब.

लेक मंजुश्री पुण्याला नोकरीला लागली. एकदा येताना तिनं ई-पुस्तकं वाचायचं मशीन आणलं. मापानं शाळेतल्या पाटीएवढं, रंगानं पाटीसारखं, म्हणून शेडात त्याचं नाव पडलं पाटी. मोबाईलसारखं डोळ्यांत घुसत नव्हतं आणि उन्हातही अक्षर दिसायचं. मंजुश्री पुण्यातनंच त्यात पुस्तकं धाडायची, ती कशी यायची हे शेडात कुणी विचारलं नाही. मशीनच्या दोन्ही कडांना बटनं होती. ती बटनं म्हणजेच सगळी मौज. कारण थापणारीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. कलाबाई पाटी एका पालथ्या डब्यावर डावीकडं टेकवून उभी करायची. हात काठवटीत भाकर फिरवत असायचे, डोळे पाटीवर, तोंडानं वाचन, आणि पान संपलं की डाव्या कोपराचा एक टोला. टक्. पुढचं पान. थापेचा ताल तसूभर हलायचा नाही. गिऱ्हाइकं बघत राहायची.

अशी कितीतरी पुस्तकं त्या शेडात भाकरीबरोबर भाजून निघाली. चौघींना पात्रं सख्ख्या नातलगांसारखी. एखाद्या कादंबरीतल्या सासूवर सावित्रीबाईचा इतका राग बसला होता की पुस्तक संपून कैक दिवस झाले तरी भाकर करपली की ती त्या सासूचंच नाव घ्यायची.

आणि मग पाटी गेली. गेली ती पण कुठं जाऊन गेली बघा. दोन जावांच्या भांडणाची कादंबरी चालली होती. भांडणात धाकटा दीर विहिरीत पडला. गाव गोळा झालं, दोर सोडले, दिराला वर काढून काठावर निजवला. थोरल्या भावानं त्याच्या छातीला कान लावला. इथं पान संपलं. कलाबाईनं कोपर मारलं. पान हललं नाही. पुन्हा मारलं. पाटीवर उभ्याआडव्या रेघा आल्या आणि भाऊ दिराच्या छातीला कान लावून तसाच राहिला.

"पुढं काय झालं गं?" सावित्रीबाई म्हणाली.

"पुढं जायना झालंय."

"हाय का मेला तेवढं तर बघ."

"काकू, पाटीच मेलीय," मंगल म्हणाली.

कलाबाईनं हात धुवून पुण्याला फोन लावला. मंजुश्रीनं पाटीचा फोटो मागवला, दोन दिवस चौकशी केली आणि सांगितलं, "माय, दुरुस्त होत न्हाई. आन् तसली नवीबी मिळत न्हाई. कंपनीनं ते मॉडेल काढायचंच बंद केलंय."

"कामून? चांगलं तर हुतं की."

"आता सगळ्याच बोटानं चालवायच्या निघायल्यात. काचेवर बोट फिरवायचं. बटन काढूनच टाकलंय त्यांनी."

"काढणाऱ्यानं कधी पीठ मळलंय का, इचार त्याला."

मंजुश्री हसली. पुढं काय होतं ते सांगू का म्हणाली, तिनं ते पुस्तक वाचलं होतं. शेजारी बसलेली सावित्रीबाई फोनमध्ये ओरडलीच, "सांगू नको गं माय. ऐकायचं तर वाचलेलंच ऐकायचं."

मंजुश्रीनं मोबाईलवर पुस्तक टाकून दिलं. ते दोन दिवस चाललं. थापेच्या मध्येच भाकरीच्या ऑर्डरचे फोन यायचे, दिराच्या विहिरीत सोलापूरचा हॉटेलवाला उडी मारायचा. हात लावला नाही की काच काळी व्हायची. मग तिनं एक सोय काढून दिली, मोबाईलच वाचून दाखवणार. त्यातली बाई सरळ सुरात वाचत सुटली. मयत आणि मेजवानी एकाच आवाजात. मध्ये सावित्रीबाईनं "असं कसं गं" म्हटलं तरी थांबेना. चन्नव्वानं पहिल्यांदा हात वर केले. "अक्का, हिला बंद कर. ही कुणाचं ऐकंना झालीय."

मग शेडात नुसती थाप राहिली. गोष्ट नव्हती तेव्हा एकमेकींच्या घरच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यात भांडणं असतात. मंगल आणि चन्नव्वाचं पाण्याच्या घागरीवरनं वाजलं. सावित्रीबाई म्हणाली, पलीकडच्या गल्लीतल्या भाकरीवालीनं टीव्ही बसवलाय, तिथं मालिका बघत भाजता येतं. ती हसत म्हणाली, पण कलाबाईला ते लागलं. भाकरी तर कुणीही थापतं. तिच्या शेडात बायका टिकल्या त्या वाचनावर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच करमत नव्हतं. हात चालत होते, डोळ्यांना चारा नव्हता.

आप्पारावांनी हे सगळं चहा पीत बघितलं आणि एक दिवस खांद्यावर रुमाल टाकला. "चल मंजूची माय, कलबुर्गीला. जनावर गेलं म्हनून कुणी नांगर सोडतंय व्हय? दुसरं बघायचं."

"तुमाला त्यातलं काय कळतंय?"

"मला बैलातलं कळतंय. घ्यायची रीत सगळ्याची येकच."

कलाबाईनं पिशवीत जुनी पाटी घेतली, आणि कुणाला न सांगता ज्वारीच्या पिठाची एक डबी आणि पाण्याची बाटलीही घातली.

कलबुर्गीला मंजुश्रीनं दुकानाचा पत्ता दिला होता. दुकानदार धनराज. तरणा, बोलका, गिऱ्हाईक बघून मराठी, कन्नड, दखनी असं पालटत बोलणारा. त्यानं आप्पारावांना खुर्ची दिली आणि पहिल्यांदा ठेवली ती जुनीच पाटी. म्हणजे तेच मॉडेल, कुणीतरी वापरून विकलेलं. कलाबाईचा जीव हरखला. तिनं बटन दाबलं. टक्. तोच आवाज. तिच्या तोंडावर हसू आलेलं बघून आप्पाराव पुढं झाले. बाजारात बाईमाणूस बैलाच्या रूपावर भाळलं की दलालानं मधे पडायचं असतं.

त्यांनी पाटी हातात घेतली, पालथी केली, कोपरे अंगठ्यानं चोळले, कानाशी नेऊन हलवली. मग धनराजकडं बघितलं. "पाव्हणं, शिंगाला तेल चोळलंय की हो."

"क्या बोले मामा?"

"म्हातारा बैल बाजारात आणताना दात घासत्यात, शिंगं तासून तेल लावत्यात. हिचं कातडं नवं हाय, पर कोपरे झिजल्यात. वय सांगा."

धनराज मोठ्यानं हसला. "बराबर हाय मामा. कव्हर नया डाला. आतली बॅटरी थकलेली हाय, दिवसातनं दोनदा चार्जिंगला लावावी लागंल. मी सांगणारच हुतो."

"सांगणार हुता ते दिसलंच."

कलाबाई अजून बटन दाबत होती. "आवं, वळखीची हाय की."

"वळखीचा बैल म्हनून म्हातारा घेऊन नांगराला जुंपावं व्हय? वर्षात पुन्हा हितंच यायचं. ठिव खाली."

तिनं ठेवली, पण ठेवताना एकदा आणखी टक् केलं.

बटनाची नवी पाटी काही परदेशी कंपन्या अजून काढतात, असं धनराज म्हणाला. मागवली तर तिकडनं येईल, बिघडली तर दुरुस्तीला तिकडंच जाईल. आप्पारावांनी मान हलवली. "ज्या जनावराला तालुक्यात डॉक्टर न्हाई, ते दावणीला बांधू न्हाई."

राहिली बोटानं चालवायची. धनराजनं खोक्यातनं काढली. पातळ, काळीभोर, अक्षर ठसठशीत. पाण्यात पडली तरी काही होत नाही म्हणाला. काचेच्या उजव्या अंगाला बोट लावलं की पुढचं पान, डाव्या अंगाला लावलं की मागचं. कलाबाईनं लावून बघितलं. चाललं. मग तिनं पिशवीतनं पिठाची डबी काढली.

"काकू, ये क्या?"

"जुंपून बघायचंय," कलाबाई म्हणाली.

"बैल घ्यायचा तर शेतात दोन तास चालवून बघत्यात," आप्पारावांनी समजावून सांगितलं. "रिकाम्या बाजारात सगळेच चालत्यात."

धनराजनं गल्ल्यापुढं जुना पेपर अंथरून दिला. कलाबाईनं दुकानाच्या टेबलावर, चार्जर आणि हेडफोनच्या मधोमध, पीठ मळलं, गोळा केला आणि थापायला लागली. बाहेरची दोन गिऱ्हाइकं आत येऊन उभी राहिली. तिनं पीठभरल्या बोटानं काच दाबली. काही नाही. कोपर मारलं. ब्लाउजची बाही आडवी आली, काही नाही. बाही वर सारून कोपर मारलं, तर पान उलटायच्या ऐवजी अक्षरं वाढत वाढत एका पानावर दोनच शब्द मावतील एवढी झाली.

"ह्ये काय झालं?"

"कोपर जास्ती जागा घेतं काकू. मशीनला वाटलं, दोन बोटं हायत."

बघणाऱ्यांत हशा पिकला. कलाबाईपण हसली, पण हात धुताना तिची नजर पुन्हा जुन्या पाटीकडं गेली. धनराजला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "काकू, घेऊन जावा. आठ दिवस जुंपा. पसंत न्हाई पडली तर आणून द्या, मी परत घेतो. फक्त पीठ पुसून द्या."

आप्पारावांना हे पटलं. पसंतीच्या बोलीवर बैल नेणं ही बाजारातली जुनी चाल. त्यांनी धनराजचा हात हातात घेऊन दाबला आणि व्यवहार झाला.

दुसऱ्या दिवशी शेडात नव्या पाटीला जागा मिळाली. मंजुश्रीनं पुण्यातनंच सगळी पुस्तकं पुन्हा धाडली होती, आणि कादंबरी बरोबर त्या पानावर उघडली, दिराच्या छातीला भावाचा कान. कलाबाईनं एक बोट फडक्याला पुसलं, काचेला लावलं आणि वाचायला लागली. दीर बैलबाजारात खोंडाचे दात बघत उभा होता.

"वाचला म्हणा की," सावित्रीबाईनं भाकर उलटली. "मला ठावंच हुतं. त्याची बायकू उपासाची हाय."

"पर इतक्यात बाजारात?" मंगल म्हणाली.

"गडी काटक असंल."

कलाबाईला पण ते पटलं. वाचत गेली. दिरानं खोंड घेतला, घरी आणला, जावेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सावित्रीबाईनं तव्यावर पाणी फिरवलं, वाफ उठली. कलाबाईनं पान उलटलं आणि वाचलं, विहिरीवर ओरडा झाला. दीर पाय घसरून आत पडला.

थाप थांबली.

"पुन्हा पडला?" सावित्रीबाई म्हणाली. "त्या माणसाला विहिरीबिगर दुसरं काम हाय का न्हाई?"

"अक्का, खोंड कुठं गेला मग?" चन्नव्वानं विचारलं. तिला माणसापेक्षा खोंडाची काळजी.

कलाबाईनं हात धुतले, पाटी जवळ घेऊन बघितली, तेव्हा उलगडा झाला. वाफेचे थेंब काचेवर बसत होते. ओघळ उजव्या अंगानं आला की पाटी पुढं पळायची, डाव्या अंगानं आला की मागं. दीर बिचारा वाफेबरोबर विहिरीत आत-बाहेर करत होता. पोट दुखेस्तोवर हसल्या चौघी. पण हसून झाल्यावर प्रश्न तिथंच राहिला.

पाटी तव्यापासनं लांब सरकवली. आता वाफ लागेना, पण हातही पोचेना. प्रत्येक पानाला हात धुवायचा, पुसायचा, बोट लावायचं, पुन्हा पिठात घालायचा. तोवर काठवटीतल्या भाकरीचे काठ चिरायचे. चन्नव्वाचे हात कोरडे, म्हणून पान उलटायचं काम तिला दिलं. तिला वाचता येईना, मग कलाबाईनं मान हलवली की उलटायचं असं ठरलं. पण कलाबाई वाचताना रंगात आली की मान आपोआप हलायची, आणि चन्नव्वा इमानानं पान उलटायची. तिकडं वाळत घातलेल्या भाकरी कुत्र्यानं नेल्या.

"तू नुसती वाचत बस," शेवटी सावित्रीबाई म्हणाली. "तुझ्या वाटच्या आमी थापू."

"मी काय पुराणिक हाय का, हात बांधून सांगायला? हात रिकामे ऱ्हायले की माझं वाचन लंगडतंय."

ही गोष्ट बाकीच्यांना ठाऊक होती. थाप चालली की तिचा आवाज चालायचा. बसून वाचलं की शाळेत धडा वाचल्यासारखं व्हायचं. आठ दिवसांतले बरेचसे असे गेले. धनराजला पाटी परत करायची, हे कलाबाईनं मनाशी ठरवून टाकलं. त्याच दुपारी भानगड झाली.

बायका भाकरी थापताना एक पाय मुडपून आणि एक पाय लांब सोडून बसतात. कलाबाईचा डावा पाय सोडलेला होता, पाटी डब्याला टेकून पायाच्या बाजूला सरकलेली. पानं मागं-पुढं होता होता दिराच्या छातीला अजून कान लागलेलाच. पान संपलं. दोन्ही हात काठवटीत. तिला भान राहिलं नाही. डाव्या पायाचा अंगठा उठला आणि काचेच्या उजव्या अंगाला टेकला. पान उलटलं. एकच, नेमकं. आणि कलाबाई वाचत राहिली, "दिराच्या नाकातोंडातनं पाणी आलं आणि त्यानं डोळे उघडले..."

दीर जगल्याचा आनंद कुणाला झाला नाही. शेडात कुणाचा हात हलेना.

"कले," सावित्रीबाई म्हणाली, "पुस्तकाला पाय लावलीस?"

कलाबाईनं पीठभरला हात पाटीला लावला, कपाळाला लावला, दोनदा लावला. कपाळावर पिठाचे पट्टे उठले.

"भान न्हाई ऱ्हायलं गं बाई."

"पाप हाय अक्का," चन्नव्वा म्हणाली. "बसवण्णाच्या वचनाची पोथी आमी उंबऱ्यावरबी ठेवत न्हाई."

"आमच्यात तर देव्हारा न्हाई," मंगल म्हणाली. तिचं घर बौद्ध, आजोबांच्या वेळेपासनं. "देवाच्या जागी पुस्तकाचं कपाटच हाय. माझ्या पोराचा चुकून पाय लागला तर सासरे जेवू देत न्हाईत. पाय न्हाई चालायचा काकू."

कलाबाईला उलट बोलायचं नव्हतंच. जिनं जन्मभर पुडीचा कागदसुद्धा पायाखाली पडू दिला नाही, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं पाटी पुसली, खोक्यात घातली आणि धनराजला फोन लावला. स्पीकरवर, कारण हात ओलेच.

"बाळा, पाटी न्यायची बघ. चांगली हाय, पर आमच्या कामाची न्हाई."

"काय झालं काकू? बोट चालंना का?"

"पाय चालतोय," कलाबाई म्हणाली, आणि झालं ते सगळं सांगितलं.

मग धनराज म्हणाला, "काकू, पायाचं पहिल्यांदाच बोलला असता तर. येक बटन मिळतं, हरभऱ्याएवढं. वायर न्हाई, काय न्हाई. लांबनं दाबलं की पाटीवर पान उलटतं. मी धाडतो, पाटीशी जोडी फोनवरनं जुळवून देतो. परत करायचं नंतर बघू."

दाराशी उभ्या आप्पारावांनी तेवढंच ऐकलं. "जोडी जुळवतो म्हनतोय. येकट्या बैलानं नांगर चालतोय व्हय? मी काय म्हनत हुतो."

तसं ते काहीच म्हणत नव्हते, पण कुणी काढून दाखवलं नाही.

बटन बसच्या कंडक्टरकडनं आलं. पाटी पुन्हा डब्यावर चढली, तव्यापासनं लांबच. कलाबाईनं बटन जवळच्या दुसऱ्या डब्याला चिकटवून आधी कोपरानंच बघितलं. पण ते इतकं बारकं की कोपराला सापडेना. बघून दाबावं तर वाचनाची ओळ सुटायची. पाय मात्र तिथंच, मोकळा, काम मागत. कलाबाईनं बटनाकडं बघितलं, पायाकडं बघितलं, मग सावित्रीबाईकडं.

"ह्ये पुस्तक हाय का?" तिनं विचारलं.

सावित्रीबाईनं तव्यावरची भाकर उतरवली. असल्या गोष्टीला घाई चालत नाही. "पान त्यानंच उलटतंय न्हवं?"

"व्हय."

"मग त्येचंच अंग झालं की."

"असं कसं?" मंगल म्हणाली. "मी घरी ब्लाउज शिवते. मशीनला दसऱ्याला हळदकुंकू लावत्यात शेजारच्या बाया, हार घालत्यात. आन् पायडल कशानं मारत्यात? पायानंच की. तवा कुणी म्हनत न्हाई मशीनला पाय लावलीस."

"पायडल येगळं, मशीन येगळं."

"त्येच म्हनायले. बटन येगळं, पाटी येगळी. अक्षर हाय का ह्येच्यावर कुठं?"

सावित्रीबाईनं बटन हातात घेऊन उलटसुलट बघितलं. अक्षर नव्हतं. चन्नव्वाला दाखवलं. तिनं पण बघितलं, वास घेतला, का घेतला कुणास ठाऊक, आणि मान हलवली. "मोटेचा नाडा आणि बैल येक न्हाई," ती म्हणाली.

"पायडल म्हनायचं मग ह्येला," सावित्रीबाई म्हणाली. "बटन म्हनायचं न्हाई. आन् कले, रोज पाय धुवून बसायचं. पाटीला आधी हात लावायचा, मग पायडलला पाय."

मंगलनं जाड कापडाची चिमटीएवढी पिशवी शिवली, पायडल तिच्यात बसवलं, पिशवी फळीच्या तुकड्याला ठोकली. कलाबाईनं पाय धुतले. पाटीला हात लावून कपाळाला लावला. मग काठवटीपुढं बसून डावा पाय लांब केला. अंगठ्याला जणू डोळे फुटले होते, तो न बघता पायडलवर जाऊन बसला.

थाप सुरू झाली. आवाज सुरू झाला. दिरानं डोळे उघडले आणि पहिला शब्द काय बोलला तर, विहिरीत आपली नवी चप्पल राहिली. सावित्रीबाई तव्यापुढं हसत सुटली. कलाबाईचा आवाज वर चढला. पान संपलं, अंगठा दबला, पुढचं पान आलं, आणि काठवटीतली भाकर चांदीच्या ताटासारखी गरगर फिरत राहिली. मंगलची थाप तिच्या थापेला येऊन मिळाली. गिऱ्हाईक आलं, चन्नव्वानं त्याला हातानंच बसवलं. पुढच्या पानावर धाकट्या जावेनं थोरलीला, माहेरी निघून जाते म्हणून धमकी दिली.

तेवढ्यात कलाबाईचा फोन वाजला. तिचे हात पिठात, पाय पायडलवर, डोळे पाटीवर. फोन सावित्रीबाईनं उचलला. धनराज होता. आठ दिवस कधीच होऊन गेले, पाटी ठेवायची का परत द्यायची, एवढं विचारत होता.

"वाचन चालू हाय," सावित्रीबाई म्हणाली. "इथं बाई माहेरी निघालीय आन् तू काय परत मागायलास? ऱ्हाऊ दे आता तिला हितंच." आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला.